परत मागवलेला कोयता: मुठीच्या तोंडाशी काय बघायचं आणि पुढे काय करायचं

तुमच्याकडच्या मॉडेलचा ‘सर्व्हायव्हल मॅचेटी’ कंपनीने परत मागवल्याचं कळलं असेल, तर आधी तो म्यानात घाला आणि पुन्हा एकही घाव घालू नका. नारळ सोलायला नको, सोसायटीतली फांदी तोडायला नको, ‘एकदा बघू या कितपत खरं आहे’ म्हणून तर मुळीच नको. ‘आमच्याकडे दोन वर्षं आहे, काही झालं नाही’ याला इथे किंमत नाही. पोलादातला तडा वापराबरोबर वाढत जातो. हजार घाव काहीच होत नाही आणि हजार एकाव्या घावाला पातं मुठीतून सुटून उडतं.

याचं ठळक उदाहरण 2012 सालचं. गर्बर या अमेरिकी कंपनीने टीव्हीवरच्या साहसी कार्यक्रमांतल्या बेअर ग्रिल्सच्या नावाने विकलेला ‘पारांग’ कोयता तेव्हा परत मागवला गेला आणि अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्याची जाहीर सूचना काढली. पातं जिथे मुठीत शिरतं तिथेच ते कमजोर होऊन तडकत होतं, आणि तुटलं तर वापरणाऱ्याला खोल जखम होण्याची भीती होती. धार चांगली, पोलाद दिसायला दणकट, घोटाळा सगळा रबराच्या मुठीच्या तोंडाशी. कोयत्यांच्या बाबतीत मोडण्याची ही जागा पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून तपासणीची सुरुवात धारेपासून नव्हे, मुठीपासून करायची.

तिथेच का मोडतं

कोयत्याचं पातं मुठीत शिरताना अरुंद होतं. मुठीच्या आत जाणाऱ्या या भागाला टँग म्हणतात. पातं दोन इंच रुंद आणि टँग पाऊण इंच, असं असेल तर घावाचा सगळा हिसका त्या पाऊण इंचावर येतो. रुंद भाग अरुंद होतो तो आतला कोपरा गोलाईने वळवलेला असला तर ताण पसरतो. तोच कोपरा काटकोनात, पंच मारून कापलेला असला तर ताण त्या एका बिंदूवर साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. घाव पात्याच्या मधल्या-पुढच्या भागाने नीट बसला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. टोकाने किंवा मुठीजवळ बसला तर येतात. त्या झिणझिण्या म्हणजे हिसका टँगमधून जातोय, एवढंच समजा.

दुसरं कारण पाणी देण्यातलं. पोलाद लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडं नरम आणावं लागतं. कोयत्यासाठी साधारण 48 ते 54 रॉकवेल (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) इतका कडकपणा योग्य. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीचा 56 ते 60 असतो, पण सुरीने कोणी लाकूड फोडत नाही. नरम आणण्याचा टप्पा घाईत उरकला तर धारेच्या कपच्या उडतात आणि टँग ठिसूळ राहते. शिवाय कडकपणा पात्याला हवा, टँगला नको. चांगला कारागीर टँग मुद्दाम नरम ठेवतो.

तिसरं कारण म्हणजे भोकं आणि खाचा. रिव्हेटची भोकं टँगच्या कडेला खेटून पाडलेली असली, पाठीला करवतीचे दाते कापलेले असले किंवा कंपनीचं नाव मुठीजवळ खोल ठोकून उमटवलेलं असलं, तर यातली प्रत्येक खाच तड्याची जागा होऊ शकते. पाठीचे दाते तर बहुतेक वेळा शोभेचेच असतात. त्यांनी लाकूड कापून बघा, पाच मिनिटांत कंटाळाल.

आपल्या शहाळेवाल्याचा कोयता बघा. ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेला, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं. तो दिवसभर शहाळी फोडतो. तोही सैल होतो, पण आधी मूठ डुगडुगते, कडं सरकतं, टँग हलल्याचं हाताला कळतं. म्हणजे बिघडण्याआधी तो सांगतो. रबर किंवा प्लास्टिक थेट पात्यावर ओतून घडवलेली मूठ हे सगळं आतल्या आत झाकून ठेवते. ओल्या हातात ती छान बसते हे खरं, पण आतला तडा, गंज, सुटलेला जोड यांतलं काहीच बाहेरून दिसत नाही.

आधी ओळख: आपला तोच का

परत मागवण्याची सूचना एका नावाच्या सगळ्या कोयत्यांना लागू नसते. ती ठरावीक मॉडेल क्रमांक, ठरावीक बॅच किंवा ठरावीक काळात विकलेल्या मालापुरती असते. म्हणून नाव जुळलं म्हणून घाबरू नका आणि रंग वेगळा म्हणून निर्धास्तही होऊ नका.

क्रमांक शोधायच्या जागा: पात्यावर मुठीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, टँग मुठीबाहेर आली असेल तर तिच्या टोकावर, म्यानाच्या आतल्या शिवणीवरचं लेबल, खोक्याच्या तळाचा बारकोड आणि बिल. काळ्या रंगाखाली उमटवलेले आकडे वाचता येत नसतील तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आकडे उठतील. कानशीने रंग खरवडू नका.

मग तो क्रमांक सूचनेतल्या क्रमांकाशी अक्षरन्अक्षर ताडून बघा. कंपनीची साइट, अमेरिकेच्या आयोगाची यादी, युरोपची ‘सेफ्टी गेट’ यादी आणि अनेक देशांच्या सूचना एकत्र दाखवणारं ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेचं ‘ग्लोबल रिकॉल्स’ पोर्टल, या चार ठिकाणी शोधलं की बहुतेक काम होतं. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो पुरेसा नाही, त्यात निम्म्या वेळा क्रमांक कापलेला असतो.

आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकसेवेचा संपर्क असायलाच हवा. वेष्टनबंद मालाच्या 2011 च्या नियमांचा तो आग्रह आहे. मुंबईतल्या ग्राहकासाठी खोक्याचा हा कोपरा सगळ्यात मोलाचा, कारण परदेशातली कंपनी ‘ही सूचना फक्त आमच्या देशासाठी’ म्हणून हात झटकू शकते, आयातदाराला ते इतकं सोपं नाही. त्यामुळे खोकं रद्दीत टाकलं नसेल तर आता जपून ठेवा.

तपासणी

मॉडेल यादीत सापडलं तर पुढची तपासणी फक्त नोंदीसाठी करायची, कोयता वापरायचा की नाही हे ठरवण्यासाठी नाही. तो निर्णय झालेला आहे. मॉडेल यादीत नसेल पण शंका असेल, तर मात्र ही तपासणी खरी कामाची.

आधी धार झाका. बागेच्या अर्धा इंची नळीचा पात्याएवढा तुकडा लांबीतून चिरा, धारेवर चढवा आणि तीन ठिकाणी चिकटपट्टी मारा. नळी नसेल तर खोक्याचा जाड पुठ्ठा दुमडून. तपासताना माणसं कापून घेतात ती बहुधा इथेच, कारण लक्ष मुठीकडे असतं आणि बोटं धारेवर.

मुठीच्या तोंडापासून दहा सेंटीमीटरचा भाग स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने कापसाचा बोळा घेऊन पुसा. रबरावर रिमूव्हर लागू देऊ नका, रबर चिकट होतं. मग खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा. वरून सरळ पाडलेल्या उजेडात तडा दिसत नाही. तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा किंवा घड्याळजीकडची दहापट भिंग घ्या. बघायच्या जागा: आतला कोपरा दोन्ही बाजूंनी, पाठीची कड, रिव्हेटच्या भोवती, करवतीच्या प्रत्येक दात्याचा तळ.

बोट फिरवून तडा शोधू नका. कापसाचा पुंजका पाठीच्या कडेवरून हलकेच ओढा. जिथे तंतू अडकतात तिथे काहीतरी आहे: बर (कडेला उठलेला खरखरीत धातू), कपची किंवा तडा.

संशयित जागा सापडली की तेल-खडूची चाचणी करा. कारखान्यांत रंगाचा फवारा वापरून करतात तीच ही, घरगुती रूपात. पूर्वी यासाठी रॉकेल घेत, पण मुंबईत आता रॉकेल शोधत फिरण्यापेक्षा डब्ल्यूडी-40 या पातळ तेलाचा फवारा बरा.

1. जागा कोरडी आणि स्वच्छ करून त्यावर फवारा मारा, वीस मिनिटं तशीच ठेवा. तेल तड्यात उतरायला वेळ लागतो.
2. कोरड्या फडक्याने वरचं तेल पूर्ण पुसा. फडकं दोनदा बदला. इथे पुन्हा स्पिरिट वापरू नका, तड्यातलं तेलही निघून जातं.
3. पांढरा खडू बारीक कुटून पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा आणि जागेवर पातळ थर बसेल इतकाच भुरभुरवा.
4. दहा ते पंधरा मिनिटं थांबा. तड्यातून वर आलेलं तेल खडूवर काळसर, केसासारखी रेघ काढतं. लगेच फोटो घ्या, कारण तेल पसरलं की रेघेचा डाग होतो.

गोल ठिपके उमटले तर बहुधा गंजाचे खड्डे आहेत. सरळ किंवा किंचित वाकडी, एका कोपऱ्यातून निघालेली रेघ म्हणजे तडा. काळ्या रंगाच्या पात्यांवर थोडी गफलत होते: रंगाचा थर स्वतःच तडकलेला असू शकतो. रंगाची भेग नागमोडी असते आणि तिच्या कडेचे पोपडे नखाने निघतात. पोलादातली रेघ रंगाखालीही तशीच पुढे जाते. पण यादीतल्या कोयत्याचा रंग काढून खात्री करत बसू नका. संशय नोंदवा, पुढचं कंपनीने बघावं. जास्त खात्री हवी असेल तर नागदेवी स्ट्रीटवर वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत लाल रंगाच्या तीन डब्यांच्या संचाबद्दल विचारा. क्लीनर, तड्यात शिरणारा लाल पेनेट्रंट आणि तो वर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर असे ते तीन डबे. खिडक्या उघड्या ठेवून वापरा आणि गॅसची शेगडी बंद करा.

मुठीच्या तोंडाची फट बघायला नेहमीचा छपाईचा कागद घ्या, तो साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. पातं आणि मूठ यांच्यामध्ये तो सहज आत सरकला तर मूठ सुटलेली आहे, आणि त्या फटीतून मुंबईचे तीन-चार पावसाळे आत शिरलेले आहेत. समुद्राजवळच्या खारट दमटपणात मुठीतलं पोलाद बाहेरच्यापेक्षा लवकर गंजतं, कारण आत शिरलेलं पाणी वाळत नाही. ‘स्टेनलेस आहे’ म्हणून सुटका नाही. खाऱ्या हवेत स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात आणि खड्डा ही तड्याची सुरुवात असते. मुठीच्या तोंडातून तपकिरी पाणी गळल्याचा ओघळ दिसला तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

कानशीची चाचणी फक्त यादीत नसलेल्या कोयत्यावर. बारीक दात्यांची कानस धारेच्या मागच्या भागावर एकदाच हलकी ओढा. योग्य पोलादात ती जरा चावते, बारीक भुकटी निघते. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पातं फार कडक आहे, कपच्या उडणार. लोण्यासारखी खात गेली तर पाणी दिलेलंच नाही. असं पातं मोडत नाही, वाकतं. त्याचा त्रास आहे, पण धोका कमी. धारेजवळ निळसर-जांभळा पट्टा दिसला तर घासताना ते तापलंय आणि तेवढ्या भागाचं पाणी गेलंय.

आणखी दोन चाचण्या लोक सर्रास करतात. लोहचुंबक लावून काही कळत नाही; उत्तम कार्बन पोलादाला तो चिकटतो आणि भिकार पत्र्यालाही. पातं टांगून टिचकी मारून आवाज ऐकणं अख्ख्या लोखंडाला ठीक, पण रबरी मूठ बसवलेल्या कोयत्याचा आवाज तसाही बद्दच येतो. पातं दगडात अडकवून वाकवून बघणारे व्हिडिओ मात्र विसरा. तडा असेल तर त्याच क्षणी मोडेल आणि तुकडा तुमच्या तोंडाच्या दिशेने येईल.

यादीत नसलेला, वरच्या सगळ्या चाचण्यांतून निघालेला कोयता वापरून बघायचा असेल, तर पर्मनंट मार्करने पात्यावरून मुठीवर जाणारी एक सरळ रेघ ओढा. तीन-चार सेंटीमीटर जाडीच्या मऊ फांदीवर पंचवीस घाव घाला. घावाच्या रेषेत समोर आणि मागे कोणी उभं राहता कामा नये. पातं सुटलं तर त्याच रेषेत जातं. नंतर रेघ बघा. मुठीवरची अर्धी रेघ सरकली असेल तर आतला जोड हलतोय. वापर तिथेच थांबवा.

वेल्डिंग करू नका

तडा दिसला की पहिला विचार येतो तो गल्लीतल्या वेल्डरचा. ‘एक टाका मारून देतो’ असं तो म्हणेलही. टाका दिसायला पक्का असतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद आधी लाल तापतं आणि मग थंड पात्याने उष्णता ओढून घेतल्यामुळे झटकन निवतं. म्हणजे नकळत त्याला पुन्हा पाणी दिलं जातं आणि नरम आणण्याचा टप्पा होतच नाही. टाक्याच्या शेजारी काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो. पुढच्या वेळी पातं टाक्यावर नाही, टाक्याच्या बाजूला मोडतं. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवणं पत्र्याला चालतं, घाव घालण्याच्या हत्याराला नाही. मूठ काढून एम-सील भरणं म्हणजे नुसतं झाकणं.

दुसरं कारण कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 87 नुसार इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या भरपाईचा दावा टिकत नाही. पन्नास रुपयांच्या टाक्यापायी हा हक्क घालवू नका.

मोडलंच असेल तर

जखम आधी. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात हृदयापेक्षा वर ठेवा, जखमेत तुकडा रुतलेला असेल तर ओढून काढू नका. 108 ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. उपचाराची कागदपत्रं आणि बिलं जपून ठेवा.

मग तुकडे. दोन्ही तुकडे ठेवा आणि मोडलेली जागा पुसू नका, धुऊ नका, एकमेकांवर जुळवून बघू नका. या जागेवर सगळा इतिहास लिहिलेला असतो. मोडलेल्या कापावर एक भाग तपकिरी किंवा काळपट आणि उरलेला ताजा, करडा, चकचकीत असेल, तर काळपट भागातला तडा जुना होता. घाव घातला तेव्हा फक्त उरलेला भाग तुटला. ‘तुम्ही दगडावर मारलं असेल’ या कंपनीच्या नेहमीच्या उत्तराला याहून चांगलं उत्तर नाही. सगळा काप ताजा आणि खडीसाखरेसारखा दाणेदार दिसत असेल तर संशय पाणी देण्यावर घ्या. चांगल्या उजेडात फोटो काढा, शेजारी स्केलपट्टी ठेवा, आणि तुकडे हवाबंद पिशवीत, बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिकाची पुडी टाकून ठेवा. पावसाळ्यात उघडा ठेवलेला ताजा काप दोन दिवसांत गंजतो आणि पुरावा संपतो.

पत्र कोणाला, कसं

आधी विक्रेता, आयातदार आणि ऑनलाइन घेतला असेल तर ते संकेतस्थळ, तिघांना एकाच ईमेलमध्ये लिहा. फोनवर बोललात तरी नंतर ईमेल पाठवा. मजकूर आटोपशीर ठेवा:

‘मी अमुक तारखेला, अमुक ऑर्डर क्रमांकाने, अमुक मॉडेल आणि बॅचचा कोयता घेतला. या मॉडेलसाठी अमुक तारखेला परत मागवण्याची सूचना निघाली आहे (सोबत जोडली आहे). वापर बंद केला आहे. वस्तूत कोणताही फेरफार केलेला नाही. पूर्ण रक्कम परत किंवा बदली वस्तू मिळावी आणि कोयता तुमच्या खर्चाने घरून न्यावा. बिल आणि फोटो जोडले आहेत.’

‘परत करण्याची दहा दिवसांची मुदत संपली’ असं उत्तर येईल. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्याचं नाव साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं, शोधा.

उपयोग झाला नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून घ्या. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही बोरिवलीत बसून. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्ज कसा लिहायचा ते कळत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन घ्या.

परदेशी कंपनीला नोटीस कशी बजावणार, हा प्रश्न बहुतेकांना अडवतो. कलम 86 मध्ये त्याची सोय आहे: उत्पादक कोण ते माहीत नसेल, त्याला नोटीस बजावता येत नसेल किंवा त्याला भारतीय कायदा लागू नसेल, तर विक्रेता जबाबदार धरला जातो. कायद्याच्या व्याख्येत विक्रेता म्हणजे आयात करणाराही. एकाच मालाने अनेकांना धोका असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही लिहा. धोकादायक माल परत मागवायचा आणि पैसे परत द्यायचे आदेश काढण्याचा अधिकार त्याला कलम 20 ने दिला आहे.

लोकलने नेऊ नका

‘दुकान मशीद बंदरला आहे, मीच नेऊन देतो’ हा बेत रद्द करा. शस्त्र नियम 2016 मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या वर्गात धरली आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. शहाळेवाल्याचा कोयता त्या सवलतीत सरळ बसतो. खोक्यावर ‘टॅक्टिकल’ आणि ‘कॉम्बॅट’ छापलेला काळा कोयता तसा आहे हे दादर स्टेशनवर पोलिसांना पटवून देणं वेगळी गोष्ट. त्यातून मुंबई पोलिस महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम 37 खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात, आणि कोयत्याचं नाव सध्या बातम्यांत चांगल्या कारणासाठी येत नाही. मेट्रोच्या तपासणी यंत्रातून तर तो जाणारच नाही. घरून उचलण्याचा आग्रह धरा. कुरियरच्या माणसाला आत काय आहे ते स्पष्ट सांगा, धारेवर नळी, त्यावर पुठ्ठा, मग खोकं, आणि देतानाचा फोटो व पावती घ्या.

काही कंपन्या पैसे परत देताना वस्तू परत न मागता ती नष्ट केल्याचा फोटो मागतात. तशी लेखी सूचना आल्याशिवाय काहीही कापू नका. सूचना आली की धारवाल्याच्या चाकावर धार पूर्ण सपाट करून घ्या, पातं शिकंजात पकडून हॅकसॉने मुठीजवळ कापा. कडक पोलादावर हॅकसॉ घसरली तर ग्राइंडरची पातळ चकती, डोळ्यांवर चष्मा. मुठीसकट क्रमांक दिसेल असा फोटो काढून पाठवा. तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, सफाई कामगाराचा हात आधी जातो. जाड कागदात गुंडाळून, वर ‘धारदार लोखंड’ लिहून भंगारवाल्याच्या हातात द्या. अखंड कोयता मात्र त्याला देऊ नका, ओएलएक्सवरही नको, आणि गावच्या काकांना ‘घ्या, शेतावर चालेल’ म्हणूनही नको. तो तडा शेतावरही तितकाच वाढतो.

नवा घेताना

ट्रेकसाठी घेत असाल तर आधी विचार करा की तो लागतो का. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा तुंगारेश्वरच्या अभयारण्यात झाडं तोडायला मनाई आहे, आणि मळलेल्या पायवाटेने किल्ल्यावर जाणाऱ्याला कोयत्यापेक्षा टॉर्चची गरज जास्त पडते. कर्जतच्या वाडीसाठी किंवा वसईच्या बागेसाठी हवा असेल तर टँग मुठीच्या दोन्ही कडांनी शेवटपर्यंत दिसते असा घ्या, मूठ लाकडाची किंवा दोन फळ्यांची, निदान तीन रिव्हेटची. आतला कोपरा गोल आहे का ते बघा. पाठ साधी, करवत नको. जाडी दोन ते तीन मिलिमीटर पुरते. पाच मिलिमीटरचा कोयता फोटोत रुबाबदार दिसतो आणि अर्ध्या तासात मनगट भरून येतं, मग घाव वाकडे बसू लागतात.

पावसाळ्यात म्यानात ठेवू नका; कातडं ओल धरतं आणि नायलॉन वाळू देत नाही. पुसून, शिलाईयंत्राच्या तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळा. खोबरेल लावू नका, ते काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं. आणि बिल व खोक्याचं लेबल घेतल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते.